‘हॅड’च्या पुढे काय आणि मागे काय: इंग्रजी पूर्ण भूतकाळात सर्वनामं आणि प्रिपोझिशन कशी बसवायची

नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. परदेशातल्या एका सहकारी बाईंशी फोनवर बोलताना मी म्हणाले, ‘आय हॅड सेंट यू द फाइल यस्टरडे.’ पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, ‘येस, अँड देन?’

मला पुढे काही सांगायचंच नव्हतं. काल फाइल पाठवली होती, एवढंच. त्यांना मात्र गोष्ट अर्ध्यावर सोडल्यासारखी वाटली. फाइल पाठवली होती, मग काय झालं? उघडली नाही? चुकीची होती? त्या पुढच्या वाक्याची वाट बघत थांबल्या होत्या.

आता मी नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत सापडतं. हा निष्काळजीपणा नव्हे. ते आपल्या मराठीतून सरळ चालत आलेलं आहे. मराठीत ‘काल मी बाजारात गेले होते’ हे वाक्य तिथेच पूर्ण होतं. गेले आणि परत आले, एवढं त्यात कळतं आणि ऐकणारा समाधानी असतो. इंग्रजीतला ‘हॅड’ तसा एकटा राहत नाही. तो कानावर पडला की ऐकणारा विचारतो: कशाच्या आधी? म्हणून मी नेहमी तिथूनच सुरुवात करते.

पायरी पहिली: दुसरी घटना शोधा

‘हॅड’ वापरायचा तर भूतकाळातल्या दोन गोष्टी लागतात. एक आधीची, एक नंतरची. बोलणारा नंतरच्या गोष्टीपाशी उभा राहून मागे वळून आधीच्या गोष्टीकडे बघत असतो. ‘आम्ही स्टँडवर पोहोचलो तेव्हा एसटी गेली होती.’ पोहोचणं नंतरचं, एसटी जाणं आधीचं. इंग्रजीत: ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ इथे ‘हॅड’ काढून ‘द बस लेफ्ट’ म्हणून बघा. आपण पोहोचलो आणि त्यानंतर बस निघाली, असा अर्थ होईल. म्हणजे एका शब्दावर बस मिळणार की चुकणार हे ठरतं.

एक खरं उदाहरण घेऊ, कारण पुढच्या पायऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्याच मोहिमेतले टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स तीन दिवस आधी, २६ मे रोजी, मुख्य माथ्याच्या थोडं खाली असलेल्या दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परत फिरले होते. आणि त्याच्या आदल्या वर्षी, १९५२ मध्ये, तेनसिंग स्विस गिर्यारोहक रेमंड लँबर्ट यांच्याबरोबर सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढले होते. लँबर्ट यांनी त्यांना आपला लाल स्कार्फ दिला होता. १९५३ मध्ये माथ्यावर पोहोचले तेव्हा तेनसिंग यांच्या गळ्यात तोच स्कार्फ होता.

ही गोष्ट १९५२ पासून ओळीने सांगितली तर एकदाही ‘हॅड’ लागणार नाही. लँबर्टने स्कार्फ दिला, मग बोर्डिलन परत फिरला, मग हिलरी आणि तेनसिंग चढले: ‘गेव्ह’, ‘टर्न्ड बॅक’, ‘क्लाइम्ब्ड’. साधा भूतकाळ पुरतो. पण तुम्ही माथ्यावर उभे राहून स्कार्फकडे बघत गोष्ट सुरू केलीत, की मागे जावं लागतं: ‘तेनसिंग वॉज वेअरिंग अ रेड स्कार्फ. लँबर्ट हॅड गिव्हन इट टु हिम.’

हे शेवटचं सहा शब्दांचं वाक्य वहीत वेगळं लिहून ठेवा. देणारा, ‘हॅड’, क्रियापदाचं तिसरं रूप, दिलेली वस्तू, प्रिपोझिशन, घेणारा. आपल्याला जे शिकायचं आहे ते सगळं त्यात याच क्रमाने बसलेलं आहे.

पायरी दुसरी: पुढची बाजू पक्की करा

ही पायरी सोपी आहे. आय, वी, यू, ही, शी, इट, दे, सगळ्यांबरोबर ‘हॅड’च. मराठीत आपल्याला केवढी कसरत करावी लागते बघा: मी चहा केला होता, मी पोळी केली होती, मी पोळ्या केल्या होत्या, मी थालीपीठ केलं होतं. करणारी मी एकच, पण क्रियापद प्रत्येक वेळी पदार्थाप्रमाणे बदललं. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘आय हॅड मेड’. इथे मराठी माणसाला चक्क सुट्टी आहे.

एक सांभाळायचं. बोलताना ‘आय हॅड’चं ‘आयड’ होतं, ‘ही हॅड’चं ‘हीड’, ‘दे हॅड’चं ‘देड’. आणि ‘ही वुड’चंही ‘हीड’च होतं. ओळखायचं कसं? पुढचा शब्द ऐका. ‘हीड गॉन’ असेल तर ‘हॅड’, ‘हीड गो’ असेल तर ‘वुड’. तिसरं रूप आलं की ‘हॅड’. अपवाद ‘यूड बेटर गो’चा. तिथे ‘हॅड’ आहे, पण हा काळ नव्हे. ते सल्ला देण्याचं वेगळं वळण आहे.

पायरी तिसरी: तिसरं रूप

‘हॅड’नंतर दुसरं रूप कधीच येत नाही. ‘हॅड वेन्ट’ नाही, ‘हॅड गॉन’. ‘हॅड केम’ नाही, ‘हॅड कम’. ‘हॅड सॉ’ नाही, ‘हॅड सीन’. यात समजून घेण्यासारखं काही नाही, पाठच करायचं. रोजच्या वापरातली तीसेक क्रियापदं मोठ्याने म्हणून पाठ केली की पुरे.

पायरी चौथी: मागची बाजू, म्हणजे खरी अडचण

आता घोळ जिथे होतो तिथे येऊ. मराठीत सर्वनामालाच प्रत्यय लागतो: त्याला, त्याच्याशी, त्याच्यावर, त्याच्याकडे, त्याच्यासाठी. इंग्रजीत दोन कामं वेगवेगळी होतात. सर्वनामाचं रूप बदलतं, ‘ही’चं ‘हिम’ होतं. आणि संबंध दाखवायला एक सुटा शब्द पुढे येऊन बसतो, किंवा येतच नाही. हा सुटा शब्द म्हणजे प्रिपोझिशन. आपण प्रत्ययाचं भाषांतर करायला जातो आणि फसतो, कारण मराठीच्या एका प्रत्ययाला इंग्रजीत एकच जोडीदार नसतो.

‘ला’ घ्या. ‘मी त्याला विचारलं होतं.’ ‘ला’ म्हणजे ‘टु’ असं मनात बसलेलं असतं, म्हणून तोंडून जातं ‘आय हॅड आस्क्ड टु हिम’. चूक. ‘आस्क’ला मध्ये कुणी लागत नाही: ‘आय हॅड आस्क्ड हिम.’ ‘टेल’चंही तेच: ‘शी हॅड टोल्ड अस.’ पण ‘एक्सप्लेन’ आणि ‘से’ यांना ‘टु’ हवाच. ‘शी हॅड एक्सप्लेन्ड मी’ असं होत नाही, ‘शी हॅड एक्सप्लेन्ड इट टु मी’ असं होतं. ‘गिव्ह’ला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ‘लँबर्ट हॅड गिव्हन हिम अ स्कार्फ’ हेही बरोबर आणि ‘लँबर्ट हॅड गिव्हन इट टु हिम’ हेही. वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ आलं, की नवशिक्याने दुसरी वाट धरावी. ती कुठेच खटकत नाही.

जागेच्या ‘ला’चीही तीच गत. ‘मुंबईला गेले होते’, ‘हॅड गॉन टु मुंबई’. ‘मुंबईला पोहोचले होते’, ‘हॅड रीच्ड मुंबई’, ‘टु’ नाही. ‘घरी गेले होते’, ‘हॅड गॉन होम’, तिथेही ‘टु’ नाही.

‘वर’ तर याहून बेरकी आहे. मी वर्गात फळ्यावर नुसतं ‘त्याच्यावर’ लिहिते आणि पुढे काय काय येईल ते विचारते. पाच मिनिटांत फळा भरतो. त्याच्यावर अवलंबून होते: ‘दे हॅड डिपेंडेड ऑन हिम.’ त्याच्यावर हसले होते: ‘दे हॅड लाफ्ट अॅट हिम.’ त्याच्यावर ओरडले होते: ‘दे हॅड शाउटेड अॅट हिम.’ त्याच्यावर प्रेम केलं होतं: ‘शी हॅड लव्ह्ड हिम’, मध्ये काहीच नाही. त्याच्यावर विश्वास टाकला होता: ‘वी हॅड ट्रस्टेड हिम’, इथेही काही नाही. मराठीत एकच ‘वर’, इंग्रजीत कुठे ‘ऑन’, कुठे ‘अॅट’, कुठे नुसती मोकळी जागा.

आता आपल्या ‘शी’ या प्रत्ययाचं बघा. तिच्याशी बोललो होतो: ‘हॅड स्पोकन टु हर.’ तिच्याशी भांडलो होतो: ‘हॅड फॉट विथ हर.’ तिच्याशी लग्न केलं होतं: ‘हॅड मॅरीड हर.’ या शेवटच्या वाक्यात ‘विथ’ घुसवायचा मोह फार होतो. आवरा. तसंच ‘त्याबद्दल चर्चा केली होती’ हे नुसतं ‘वी हॅड डिस्कस्ड इट’. ‘डिस्कस’ या शब्दाच्या पोटातच ‘बद्दल’ आहे, वर आणखी ‘अबाउट’ नको.

यावर उपाय एकच, आणि तो करून बघितल्याशिवाय पटत नाही. क्रियापद एकटं पाठ करू नका. ‘वेट’ असं लिहू नका, ‘वेट फॉर हर’ असं लिहा. ‘लिसन’ नको, ‘लिसन टु देम’ लिहा. ‘आस्क’ नको, ‘आस्क हिम’ लिहा. सर्वनामासकट लिहिलं की दोन गोष्टी एकदम बसतात: प्रिपोझिशन आहे की नाही, आणि त्यानंतर ‘ही’ नव्हे, ‘हिम’. प्रिपोझिशननंतर कायम इंग्रजीतलं ‘मी’ (म्हणजे मला), हिम, हर, अस, देम हीच रूपं येतात. ‘बिटवीन यू अँड आय’ अनेकांना सभ्य वाटतं, पण नियमाने ‘बिटवीन यू अँड मी’.

पायरी पाचवी: मध्ये शिरणारं सर्वनाम

‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘अवे’ हे छोटे शब्द कधीकधी क्रियापदाला चिकटून त्याचा अर्थच बदलतात. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगावर घालणं, ‘टर्न ऑफ’ म्हणजे बंद करणं, ‘थ्रो अवे’ म्हणजे टाकून देणं. इथे सर्वनाम दोघांच्या मध्ये शिरतं. तेनसिंगने स्कार्फ गळ्यात घातला होता: ‘ही हॅड पुट इट ऑन.’ ‘हॅड पुट ऑन इट’ असं म्हणता येत नाही. गॅस बंद केला होता: ‘आय हॅड टर्न्ड इट ऑफ.’ जुन्या पावत्या टाकून दिल्या होत्या: ‘शी हॅड थ्रोन देम अवे.’

पण ‘लुक आफ्टर’, ‘लुक फॉर’, ‘वेट फॉर’ यांत ते मध्ये शिरत नाही, शेवटी जातं: ‘शी हॅड लुक्ड आफ्टर हिम.’ वाक्याचा अर्थ बघून हा फरक लगेच ओळखता येत नाही. म्हणून इथेही वहीत सर्वनामासकटच लिहा: ‘पुट इट ऑन’, ‘लुक आफ्टर इट’. जागा आपोआप डोक्यात राहते.

पायरी सहावी: वेळ सांगणारे शब्द

या काळाचा खरा संसार या शब्दांवर चालतो, आणि मराठीचे तीन शब्द इथे प्रत्येकी दोन वाटांनी जातात: पर्यंत, पासून आणि पूर्वी.

‘सहापर्यंत माझं काम संपलं होतं.’ ‘सहापर्यंत मी थांबले होते.’ मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’. पण पहिल्यात काम सहाच्या आत केव्हातरी एकदाच संपलं, दुसऱ्यात थांबणं सहा वाजेपर्यंत चालू राहिलं. इंग्रजीला हा फरक हवा असतो. एकदाच होऊन गेलेल्याला ‘बाय’: ‘आय हॅड फिनिश्ड बाय सिक्स.’ चालू राहिलेल्याला ‘अंटिल’: ‘आय हॅड वेटेड देअर अंटिल सिक्स.’ ऑफिसच्या पत्रव्यवहारात हे उलटं झालं की मुदतीचा गोंधळ होतो. म्हणून वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा, ही गोष्ट संपली की चालू राहिली?

‘बाय’चं आणखी एक काम आहे. ‘द लेटर हॅड बीन रिटन बाय हर बाय सिक्स.’ पहिला ‘बाय’ म्हणजे तिच्याकडून, दुसरा म्हणजे सहापर्यंत. ‘बाय’नंतर माणूस आला तर करणारा, घड्याळ आलं तर वेळ.

‘सकाळपासून’ आणि ‘तीन तासांपासून’ यांत मराठीला फरक वाटत नाही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, लांबी सांगायची तर ‘फॉर’: ‘शी हॅड बीन इल सिन्स मंडे’, ‘शी हॅड बीन इल फॉर थ्री डेज’. ‘सिन्स थ्री डेज’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि ते ‘पासून’मुळेच.

चौथी आणि ही सहावी पायरी एकत्र आल्या की असं वाक्य तयार होतं: ‘वी हॅड बीन वेटिंग फॉर हर फॉर टू अवर्स.’ यात ‘फॉर’ दोनदा बघून बरेचजण बिचकतात आणि एक खोडून टाकतात. खोडू नका. पहिला ‘फॉर’ ‘वेट’चा आहे, तिच्यासाठीचा. दुसरा वेळेचा आहे, दोन तासांचा. दोघांची कामं वेगळी, दोघंही हवेत.

आता ‘पूर्वी’. ‘तीन दिवसांपूर्वी’ म्हटलं की हात ‘थ्री डेज अगो’कडे जातो. पण ‘अगो’ आजपासून मागे मोजतो. बोर्डिलन आणि इव्हान्स २९ मे १९५३ च्या तीन दिवस आधी गेले होते, आजच्या तीन दिवस आधी नव्हे. म्हणून ‘दे हॅड टर्न्ड बॅक थ्री डेज बिफोर’ किंवा ‘थ्री डेज अर्लिअर’. ‘हॅड’ आणि ‘अगो’ एका वाक्यात दिसले की बहुतेक वेळा दोघांपैकी एक चुकलेला असतो, तेव्हा थांबून तपासा.

‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ स्वतःच क्रम सांगतात, त्यामुळे तिथे ‘हॅड’ नसला तरी चालतं. ‘आफ्टर शी लेफ्ट’ आणि ‘आफ्टर शी हॅड लेफ्ट’ दोन्ही बरोबर.

पायरी सातवी: ‘गॉन टु’ आणि ‘बीन टु’

‘गेला होता’ या दोन शब्दांत मराठी दोन वेगळ्या परिस्थिती बसवते. मी त्याच्या घरी गेले, पण तो नाशिकला गेला होता, म्हणजे घरी नव्हता: ‘ही हॅड गॉन टु नाशिक.’ आणि, त्याला रस्ता माहीत होता, कारण तो आधी नाशिकला गेला होता, म्हणजे जाऊन आला होता: ‘ही हॅड बीन टु नाशिक.’ जाऊन परत आलेल्या माणसाला ‘बीन’, तिकडेच असलेल्याला ‘गॉन’. दोन्हीकडे ‘टु’ कायम. मात्र ‘देअर’ आला की ‘टु’ जातो: ‘ही हॅड बीन देअर बिफोर.’

पायरी आठवी: प्रश्न विचारताना

प्रश्नात ‘हॅड’ सर्वनामाच्या पुढे उडी मारतो: ‘हॅड यू स्पोकन टु हिम?’ आणि ‘कुणाशी’, ‘कुणासाठी’, ‘कशावर’ असा प्रश्न असला की प्रिपोझिशन शेवटी एकटंच उरतं: ‘हू हॅड शी स्पोकन टु?’, ‘हू हॅड दे वेटेड फॉर?’ मराठी कानाला हे लटकल्यासारखं वाटतं, कारण आपला प्रत्यय शब्दाला सोडून कधी दूर जात नाही. पण तो ‘टु’ टाकला तर प्रश्न पांगळा होतो. ‘ज्याच्याशी मी बोलले होते तो माणूस’ यातही तेच: ‘द मॅन आय हॅड स्पोकन टु.’ वाक्य लिहून झालं की शेवटचा शब्द बोटाने दाखवून वाचा, हरवलेला ‘टु’ लगेच सापडतो.

आता हाताने करून बघा

खालची वाक्यं आधी स्वतः कागदावर लिहा, मगच पुढचं वाचा. प्रत्येक वेळी विचाराचा क्रम असा ठेवा: दुसरी घटना, सर्वनाम, ‘हॅड’, तिसरं रूप, प्रिपोझिशन, मागचं सर्वनाम, वेळ.

डॉक्टर आले तोपर्यंत तिने त्याला औषध दिलं होतं.
‘बाय द टाइम द डॉक्टर केम, शी हॅड गिव्हन हिम द मेडिसिन.’

मी फोन केला तेव्हा ते तासभर आमची वाट बघत होते.
‘व्हेन आय कॉल्ड, दे हॅड बीन वेटिंग फॉर अस फॉर अॅन अवर.’ मराठीत इथे नुसतं ‘बघत होते’ आहे, ‘बघितली होती’ नाही, तरी इंग्रजीला ‘हॅड बीन’ लागलं. फोनच्या क्षणापर्यंतची लांबी मोजायची आहे ना, म्हणून.

साहेबांनी विचारण्याआधीच आम्ही त्यावर चर्चा केली होती.
‘वी हॅड डिस्कस्ड इट बिफोर द बॉस आस्क्ड अस.’ ‘अबाउट’ नाही, ‘आस्क्ड टु’ नाही.

तिने स्वेटर घातला होता, म्हणून तिला थंडी वाजली नाही.
‘शी हॅड पुट अ स्वेटर ऑन, सो शी डिडन्ट फील कोल्ड.’ ‘स्वेटर’ हे नाम आहे, त्यामुळे ‘पुट ऑन अ स्वेटर’ही चालेल. स्वेटरच्या जागी ‘इट’ आलं की मात्र ‘पुट इट ऑन’ एवढंच.

मी काल दवाखान्यात गेले होते.
‘आय वेन्ट टु द डॉक्टर यस्टरडे.’ दुसरी घटना नाही, म्हणून ‘हॅड’ही नाही.